दहात तीन
(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहोत. खेळ आपल्याकडचा नाही. माणूसही आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेत जन्मला, तिथेच वाढला आणि तिथेच २०२१ साली वारला. तुम्ही म्हणाल, मग त्याची गोष्ट आम्हाला कशाला? सांगतो.

आमच्या एका वर्गात एक आप्पा येतात. वय पन्नाशीच्या पुढचे. दिवसभर रानात राबतात आणि संध्याकाळी पाटी घेऊन वर्गाला येऊन बसतात. एके दिवशी त्यांना दहा शब्द लिहायला सांगितले. सात चुकले. आप्पांनी पाटी पुसली, खाली ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, रामराम घ्या आमचा. दहातले तीन येतात. हे काम आता आपल्याच्यानं व्हायचं नाही." असे म्हणून ते उठले आणि चालू लागले.

आम्ही त्यांना हाताला धरून बसवले. म्हटले, "आप्पा, जायचं तर खुशाल जा. पण जाण्याआधी एक गोष्ट ऐकून जा."

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

खेळ कसा असतो

त्या खेळाचे नाव बेसबॉल. अमेरिकेत तो फार आवडीचा आहे. आपल्याकडे क्रिकेटचे जसे वेड, तसे तिकडे बेसबॉलचे. तुम्ही क्रिकेट पाहिले आहे. विटीदांडू तर लहानपणी खेळलाच आहात. बेसबॉल हा त्यांचाच भाऊबंद.

दोन संघ असतात. एकेका बाजूला नऊ गडी. मैदानावर एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी आखलेली असतात. एका ठाण्यापासून दुसरे ठाणे नव्वद फूट. पहिल्या कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो. त्याच्या हातात लाकडाची गोल बॅट असते. धरायच्या जागी बारीक आणि पुढे जाड. तालमीतल्या मुदगलाची धाकटी बहीण म्हणा ना!

समोर साडेसाठ फुटांवर दुसऱ्या संघाचा गडी उभा असतो. तो चेंडू फेकतो. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा खाऊन येतो. इथे टप्पा नाही. चेंडू हवेतून सरळ फलंदाजाकडे येतो. चांगल्या गड्याच्या चेंडूचा वेग तासाला दीडशे किलोमीटरच्या आसपास असतो. चेंडू पोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात फलंदाजाने ठरवायचे, की चेंडू सरळ येतो आहे का वळतो आहे, मारायचा का सोडायचा.

फटका साधला की पळायचे. एकेक ठाणे घेत गडी फिरून मूळ जागी परत आला, की एक धाव झाली. पण एखादा फलंदाज चेंडू असा उंच मारतो, की तो मैदानाच्या कुंपणापलीकडे जाऊन पडतो. मग त्याला कोण अडवणार? फलंदाज चारही ठाण्यांना निवांत फेरी घालून येतो. या फटक्याला म्हणतात होमरन. लोक तो पाहायला पैसे देऊन जातात.

आता यातली एक गंमत ऐका. या खेळात दहा वेळा उभे राहून जो तीन वेळा फटका साधतो, तो मोठा फलंदाज समजला जातो. बरं का, दहात तीन! सात वेळा तो रिकाम्या हाताने परत येतो. तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. कारण काम तेवढे कठीण आहे.

हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

काठी आणि बाटलीचे बूच

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. त्या राज्यात समुद्राकाठी मोबील नावाचे शहर आहे. तिथे ५ फेब्रुवारी १९३४ रोजी एका काळ्या कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव हेन्री लुई ॲरन. पुढे सगळे त्याला हँक म्हणू लागले. घरात आठ भावंडे. वडील जहाजे बांधण्याच्या कारखान्यात मजुरी करीत. काम कधी असे, कधी नसे. हेन्री आठ वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी शहराच्या कडेला जागा घेऊन जुन्यापान्या लाकडांचे एक घर उभे केले. घरात वीज नव्हती. पण घर आपले होते.

पोराला खेळाचे भारी वेड. पण बॅट आणि चेंडू विकत आणायला पैसे कुठून आणायचे? मग तो झाडूचा दांडा घ्यायचा आणि बाटल्यांची पत्र्याची बुचे गोळा करायचा. कुणीतरी बूच फेकायचे आणि याने दांड्याने ते मारायचे. आता विचार करा. बूच केवढे? रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे. हवेत फेकले की ते कसेही वळते, गिरक्या घेते. ते दांड्याने टिपायचे म्हणजे खेळ नव्हे. पण याने वर्षानुवर्षे तेच केले. त्याचे डोळे आणि मनगटे तिथेच तयार झाली.

त्याला शिकवायला कुणी नव्हते. त्यामुळे एक चूक मात्र अंगवळणी पडली. उजव्या हाताच्या माणसाने बॅट धरताना उजवा हात वर आणि डावा हात खाली धरायचा असतो. कुऱ्हाड चालवणाऱ्याला हे सांगायला नको. हेन्री उलटे धरायचा. डावा वर, उजवा खाली. आणि तशा उलट्या पकडीनेच तो भल्याभल्यांचे चेंडू टोलवायचा!

"काळ्या माणसाला तिथं जागा नाही"

आता एक कडू गोष्ट सांगतो. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या आणि गोऱ्या लोकांना कायद्याने वेगळे ठेवले होते. शाळा वेगळ्या. पाणी प्यायचे नळ वेगळे. बसगाडीत काळ्यांनी मागे बसायचे. गोऱ्यांच्या खाणावळीत काळ्यांना जेवण मिळायचे नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. वेगळा पाणवठा आणि दाराबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या गावांनीही पाहिली आहे.

खेळातही तेच. बेसबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांत फक्त गोरे खेळाडू असत. काळ्यांचे संघ निराळे. एकदा लहानग्या हेन्रीने वडिलांना सांगितले, की मी विमान चालवणार. वडील म्हणाले, काळी माणसे विमाने चालवीत नाहीत. मग म्हणाला, बरे तर, मी बेसबॉलपटू होईन. वडील म्हणाले, तिथेही काळ्या माणसाला जागा नाही. वडील वाईट नव्हते. जे रोज पाहत होते तेच त्यांनी सांगितले.

पण १९४७ साली एक नवल घडले. जॅकी रॉबिन्सन नावाच्या काळ्या खेळाडूला ब्रुकलिनच्या मोठ्या संघाने मैदानात उतरवले. लोकांनी त्याला शिव्या दिल्या, धमक्या दिल्या. पण तो मागे हटला नाही. पुढच्या वर्षी हाच रॉबिन्सन मोबील शहरात आला आणि लोकांशी बोलला. चौदा वर्षांचा हेन्री शाळा बुडवून ते बोलणे ऐकायला गेला. शाळा बुडवणे चांगले नव्हे, हे आम्ही मास्तर लोक म्हणणारच! पण त्या दिवशी त्या पोराच्या मनात जे बसले ते कायमचे. एकाला जागा मिळाली, तर दुसऱ्यालाही मिळेल.

दोन डॉलर आणि घरचा डबा

मोबीलमध्ये काळ्या खेळाडूंचा एक लहान संघ होता. हेन्री शाळकरी असतानाच त्यात खेळू लागला. एका सामन्याचे तीन डॉलर मिळत. संघ परगावी निघाला की आई त्याला पाठवायची नाही. म्हणायची, रविवारी आपल्या गावात काय खेळायचे ते खेळ. पोराने पुढे शिकावे अशी तिची फार इच्छा होती.

१९५२ साली काळ्या खेळाडूंच्या एका मोठ्या फिरत्या संघाने त्याला बोलावले. पगार महिना दोनशे डॉलर. अठरा वर्षांचा हेन्री आगगाडीत बसला. बरोबर काय होते? खिशात दोन डॉलर, पिशवीत दोन विजारी आणि आईने बांधून दिलेली पावभाकर. आपली मुले पहिल्यांदा मुंबई-पुण्याला कामाला जातात, तेव्हा त्यांचे गाठोडे यापेक्षा काय मोठे असते?

तो संघ गावोगाव फिरे. एकदा ते अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला होते. सकाळी सगळ्यांनी एका हॉटेलात न्याहारी केली. खाणे झाले. पैसे दिले. आणि आतून, स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला. खळ्ळ! खळ्ळ! ज्या बशांतून हे काळे खेळाडू जेवले होते, त्या बशा हॉटेलवाले फोडत होते. हेन्रीच्या मनात आले, की कुत्र्याने तोंड घातले असते तर यांनी त्या धुऊन घेतल्या असत्या.

हा आवाज तो म्हातारपणापर्यंत विसरला नाही. पण त्याने खेळणे सोडले नाही. 

त्याच सुमारास मोठ्या संघांची माणसे त्याचा खेळ पाहायला येऊ लागली. कुणीतरी त्याला सांगितले, "अरे, तुझे हात उलटे आहेत." लहानपणापासूनची सवय! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझे चालले आहे ते बरे आहे. पण हेन्रीने हात बदलले आणि नव्या पकडीने खेळू लागला. शिकलेले विसरून पुन्हा शिकायला मोठे मन लागते, मंडळी.

दोन मोठ्या संघांनी त्याला मागणी घातली. त्यांपैकी ब्रेव्ह्ज नावाच्या संघाने महिन्याला पन्नास डॉलर जास्त देऊ केले. गरिबाच्या घरी पन्नास डॉलर म्हणजे काही कमी नव्हेत. तो ब्रेव्ह्जकडे गेला. त्यांनी त्याला आधी आपल्या एका लहान संघात पाठवले. उत्तरेकडे, ओ क्लेअर नावाच्या गावी.

भावाचा सल्ला

ओ क्लेअरला जिकडे पाहावे तिकडे गोरी माणसे. आजवर हा गोऱ्यांच्या पंक्तीला कधी बसलेला नव्हता. कुणाशी काय बोलावे, कळेना. घरची आठवण येऊ लागली. एका रात्री त्याने घरी फोन लावला. म्हणाला, मी परत येतो.

फोनवर थोरला भाऊ आला. त्याने खडसावले, की तुझे डोके फिरले आहे काय? एवढी संधी आलेली सोडून येतोस? तिथेच राहा.

हेन्री राहिला. त्या एका फोनने पुढचे सगळे घडले. तो त्या रात्री गाडीत बसला असता तर आज आम्ही कुणाची गोष्ट सांगितली असती? त्या वर्षी त्या स्पर्धेतला सर्वांत चांगला नवा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

पुढच्या वर्षी, १९५३ साली, त्याला दक्षिणेत जॅक्सनव्हिलच्या संघात धाडले. त्या भागातल्या स्पर्धेत तोवर काळा खेळाडू खेळलेला नव्हता. हेन्री आणि आणखी काही जण पहिले. प्रवासात गोरे सोबती खाणावळीत जात आणि हे काळे खेळाडू बसगाडीत बसून राहत. कुणी बाहेर आणून देईल ते खात. रात्री गोरे हॉटेलात उतरत आणि हे गावातल्या काळ्या कुटुंबांकडे पथारी टाकत. मैदानावर शिव्या तर रोजच्याच. हेन्री तोंडाने उत्तर देत नसे. त्याने त्या हंगामात २०८ फटके साधले. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण, असा प्रश्न आला, तेव्हा त्याचेच नाव निघाले.

त्या हिवाळ्यात तो पोर्तो रिको बेटावर खेळायला गेला. तिथे त्याने मैदानातली आपली जागा बदलली. आजवर तो ठाण्याजवळ उभा राहून चेंडू अडवी. आता दूर सीमेजवळ उभे राहण्याचे काम शिकला. हे शिकणे लगेच कामाला आले.

पाचात शून्य

१९५४ सालच्या मार्च महिन्यात सरावाच्या वेळी ब्रेव्ह्जच्या एका नामांकित खेळाडूच्या पायाचा घोटा मोडला. तो सीमेजवळच खेळे. त्याची जागा रिकामी झाली आणि वीस वर्षांच्या हँक ॲरनला मोठ्या संघात घेतले. ब्रेव्ह्जचे गाव तेव्हा मिलवॉकी होते.

१३ एप्रिल १९५४. मोठ्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना. हँक पाच वेळा फलंदाजीला उभा राहिला. किती फटके साधले असतील? एकसुद्धा नाही! पाचात शून्य.

आप्पांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्यापेक्षा वाईट की!"

होय. आप्पांपेक्षा वाईट. पण तो पुन्हा मैदानावर आला. २३ एप्रिलला त्याने मोठ्या स्पर्धेतला पहिला होमरन मारला. त्या वर्षी त्याचे होमरन झाले तेरा. सप्टेंबरात त्याचाही घोटा मोडला आणि हंगाम तिथेच संपला. पुढच्या वर्षी बरा होऊन आला आणि सत्तावीस मारले.

१९५७ सालच्या सप्टेंबरात एका रात्री सामना बरोबरीत अडकला होता. नऊ डावांचा खेळ अकराव्या डावात गेला. हँकने होमरन मारला आणि मिलवॉकीचा संघ आपल्या लीगमध्ये पहिला आला. सोबत्यांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. त्यात गोरे सोबतीही होते. पुढच्या महिन्यात त्याच संघाने न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकी संघाला हरवून देशाचे अजिंक्यपद मिळवले. त्या वर्षी हँक आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाटलीची बुचे मारणारे पोर कुठल्या कुठे जाऊन पोचले!

तो अभ्यास कसा करी, तेही सांगतो. आपली पाळी येईपर्यंत तो बाकावर बसे. डोक्यावरची टोपी काढून तोंडासमोर धरी. टोपीला हवा खेळायला बारीक भोक असते. त्या भोकातून तो चेंडू फेकणाऱ्याला पाहत बसे. का? तर मैदान, माणसे, गोंगाट काहीच दिसू नये. दिसावा तो फक्त त्या गड्याचा हात. अर्जुनाला झाड दिसत नव्हते, फांदी दिसत नव्हती, फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. तसेच हे.

थेंबे थेंबे

हँकच्या आधी बेब रूथ नावाचा एक गोरा खेळाडू होऊन गेला होता. त्याने सगळ्या आयुष्यात ७१४ होमरन मारले होते. १९३५ साली तो निवृत्त झाला. लोक म्हणत, हा आकडा कुणी ओलांडणार नाही. रूथने एका वर्षात साठ होमरन मारले होते. हँकला एका वर्षात पन्नाससुद्धा कधी जमले नाहीत. त्याचे सर्वांत चांगले वर्ष १९७१ चे. त्या वर्षी सत्तेचाळीस.

मग तो रूथच्या जवळ पोचला कसा? थेंबे थेंबे तळे साचे, तसा. कधी चव्वेचाळीस, कधी तीस, कधी एकोणचाळीस, कधी चोवीस. १९५५ पासून १९७४ पर्यंत, वीस वर्षे ओळीने, एकही वर्ष असे गेले नाही की त्याचे होमरन वीसपेक्षा कमी झाले. ढगफुटी होऊन एका रात्रीत विहीर भरत नाही. पाझर लागतो तेव्हा भरते.

१९६६ साली त्याचा संघ मिलवॉकी सोडून दक्षिणेत अटलांटा शहरात गेला. ज्या दक्षिणेत लहानपणी हाल सोसले तिथेच परत राहायला जायचे हँकच्या जिवावर आले होते. पण गेला. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे वय होते एकोणचाळीस आणि होमरन झाले होते ७१३. रूथपेक्षा एक कमी.

पत्रांचे पोते

आता गोष्टीतला अवघड भाग आला. तुम्ही नवे वाचायला शिकलेले लोक. म्हणून हा भाग नीट ऐका.

एक काळा माणूस रूथच्या पुढे जाणार, हे कित्येक गोऱ्यांना सोसवेना. त्याला पत्रे येऊ लागली. टपाल खात्याच्या हिशेबाने एका वर्षात सुमारे ९ लाख ३० हजार पत्रे आली. पुष्कळ पत्रांत कौतुक होते. पण पुष्कळ पत्रांत विष होते. जातिवाचक शिव्या होत्या. काहींनी लिहिले, खेळ सोड, नाहीतर गोळी घालू. त्याची मुलगी परगावी शिकत होती. तिला पळवून नेण्याच्या धमक्या आल्या. त्याच्याबरोबर शस्त्रधारी पोलीस फिरू लागला. दुसऱ्या गावी सामना असला, की हँक सोबत्यांपासून वेगळा, खोट्या नावाने उतरे. मैदानावरून मागच्या दाराने बाहेर पडे.

विचार करा. ही पत्रे लिहिणारे सगळे शिकलेले होते. त्यांना अक्षरे येत होती. आपण म्हणतो, अक्षर आले की माणूस शहाणा होतो. तेवढ्याने होत नाही, मंडळी. विळा हातात आला म्हणून कापणी होत नाही. विळ्याने गवतही कापता येते आणि शेजाऱ्याचे उभे पीकही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. हँकला येणाऱ्या धमक्यांची बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. लोकांनी ती वाचली. मग देशभरातून दुसरी पत्रे येऊ लागली. लहान मुलांनी लिहिली, म्हाताऱ्यांनी लिहिली, काळ्यांनी आणि गोऱ्यांनीही लिहिली. आम्ही तुमच्या बाजूचे आहोत, तुम्ही खेळा, असे त्यांत होते. वाईट पत्रांपेक्षा ही पत्रे जास्त झाली. वाईट अक्षरांवर उतारा चांगल्या अक्षरांचाच.

हँकने ती वाईट पत्रे फाडली नाहीत. जपून ठेवली. काय घडले होते याचा विसर पडू नये, म्हणून.

८ एप्रिल १९७४

१९७४ चा हंगाम सुरू झाला. ४ एप्रिलला पहिल्याच सामन्यात, बॅट पहिल्यांदा फिरवली आणि चेंडू कुंपणापार. ७१४! रूथची बरोबरी झाली.

मग आली ८ एप्रिलची रात्र. अटलांटाच्या मैदानावर ५३ हजारांवर माणसे जमली होती. आई आणि वडीलही आले होते. चौथा डाव. चेंडू फेकणारा होता अल डाउनिंग. हँकने बॅट फिरवली. चेंडू उंच गेला, डावीकडे मागे, मागे आणि कुंपणापलीकडे पडला. ७१५!

आभाळात दारूकाम उडाले. हँक ठाण्यांची फेरी घालू लागला. एवढ्यात गर्दीतून दोन तरुण मैदानात घुसले आणि त्याच्याकडे धावत आले. रक्षणाला असलेला पोलीस प्रेक्षकांत बसला होता. त्याचे पिस्तूल जवळ होते. क्षणभर त्याला प्रश्न पडला, काढावे का? त्याने काढले नाही. बरे झाले. ती पोरे मारायला आलेली नव्हती. त्यांनी हँकची पाठ थोपटली, चार पावले बरोबर धावली आणि निघून गेली. दोघेही गोरे होते.

हँक मूळ ठाण्यावर पोचला. सोबत्यांचा गराडा पडला. त्या गराड्यातून वाट काढत त्याची आई आली आणि तिने लेकाला घट्ट मिठी मारली. आपल्या आईच्या अंगात एवढे बळ आहे हे हँकला त्या रात्री कळले. सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्या दक्षिणेत याला खाणावळीत पाऊल ठेवू देत नव्हते, तीच दक्षिण उभी होती.

पुढे काय झाले

हँक आणखी दोन वर्षे, मिलवॉकीच्या दुसऱ्या एका संघाकडून खेळला. १९७६ साली त्याने खेळ सोडला तेव्हा त्याचे होमरन झाले होते ७५५. तेवीस वर्षे तो खेळला. १९८२ साली बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मालिकेत त्याला बसवले. मत देणारे ४१५ होते, त्यांतल्या ४०६ जणांनी त्याला मत दिले. २००२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला देशाचा फार मोठा नागरी सन्मान दिला. २००७ साली बॅरी बाँड्स नावाच्या खेळाडूने ७५५ चा आकडा ओलांडला. हँकने त्याचे अभिनंदन करणारा निरोप धाडला आणि तो मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवला गेला. स्वतःला जे सोसावे लागले ते दुसऱ्याच्या वाट्याला त्याने येऊ दिले नाही. वडिलांनी जुन्यापान्या लाकडांतून उभे केलेले ते घर २०१० साली लोकांना पाहायला खुले झाले.

आता शेवटचा एक हिशेब ऐका. सगळ्या आयुष्यात हँक ॲरन मोजून १२,३६४ वेळा फटका साधायला उभा राहिला. त्यांत त्याने फटके साधले ३,७७१. म्हणजे आठ हजारांहून जास्त वेळा त्याला काही साधले नाही. दहात तीन, तेवढेच. पण तो तेवीस वर्षे रोज उठून उभा राहिला.

ही गोष्ट ऐकून आप्पा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पाटी उचलली आणि घरी गेले. आम्हाला वाटले, गेले ते गेले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाहतो तो आप्पा सगळ्यांच्या आधी हजर.

परवा पुन्हा दहा शब्द घातले. आप्पांनी लिहून पाटी पुढे केली. आम्ही तपासली. पाच बरोबर, पाच चूक.

आप्पांनी बोटावर मोजले आणि हसून म्हणाले, "गुरुजी, दहात पाच! तुमच्या त्या हँकला मागं टाकलं की आम्ही!"

चला मंडळी. पाट्या काढा. दहा शब्द सांगतो.